शुक्राणूंची संख्या खरोखर घटते आहे का?

प्रजननशास्त्रातला एक वाद गेली तीस वर्षं चालू आहे. पुरुषांच्या वीर्यातल्या शुक्राणूंची संख्या गेल्या अर्धशतकात निम्म्यावर आली, असं काही संशोधक सांगतात. मोजण्यातच इतके दोष आहेत की असा निष्कर्ष काढता येत नाही, असं दुसरे तितकेच जाणते संशोधक म्हणतात. वर्तमानपत्रांत अधूनमधून ‘पुरुषत्व धोक्यात’ अशा मथळ्याखाली हा विषय येतो आणि दोन दिवसांत विसरला जातो. मुळात हा वाद मथळ्यांपेक्षा पुष्कळ सखोल आहे. त्यात शरीरशास्त्र आहे, संख्याशास्त्र आहे, रसायनांचा प्रश्न आहे, आणि मूल होत नाही म्हणून दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या जोडप्याचाही प्रश्न आहे.

आधी शरीरातली व्यवस्था

वाद समजून घ्यायचा तर शुक्राणू कसे आणि कुठे तयार होतात हे आधी पाहायला हवं. गर्भावस्थेत वृषणं पोटातच तयार होतात आणि बाळंतपण जवळ येतं तशी खाली वृषणकोशात उतरतात. शुक्राणूनिर्मितीला शरीराच्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं, ते या जागी मिळतं. वृषणाकडे येणारी गरम रक्ताची धमनी परतणाऱ्या शिरांच्या जाळ्यातून जाते आणि वाटेत आपली उष्णता त्यांना देते. थंडीत कोश आक्रसतो, उन्हाळ्यात सैल पडतो, तोही यासाठीच.

वृषणाच्या आत केसासारख्या बारीक नलिकांची दाट गुंडाळी असते. या नलिकांच्या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे मूळ जननपेशी. त्यांचं विभाजन होत होत शुक्राणू घडतात. दुसऱ्या सर्टोली पेशी. त्या वाढत्या शुक्राणूंना आधार देतात, पोसतात आणि निकामी झालेल्यांची विल्हेवाट लावतात. नलिकांच्या मधल्या जागेत लायडिग पेशी असतात आणि त्या टेस्टोस्टेरॉन बनवतात. या साऱ्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा अंमल चालतो. तिथून निघणारं एक संप्रेरक लायडिग पेशींना चालना देतं, दुसरं सर्टोली पेशींना.

एक शुक्राणू पूर्ण घडायला साधारण ७४ दिवस लागतात. तो वृषणातून बाहेर पडतो तेव्हा त्याला धड पोहताही येत नसतं. ते बळ त्याला अधिवृषणात येतं. ही वृषणाच्या पाठीला चिकटलेली, सुमारे सहा मीटर लांबीची पण वेटोळं करून बोटभर जागेत मावलेली नळी. तिथून शुक्रवाहिनी वर ओटीपोटात जाते (पुरुष नसबंदीत हीच वाहिनी बांधतात), शुक्राशयाचा स्राव तिला येऊन मिळतो, पुढे प्रोस्टेट ग्रंथीचा मिळतो, आणि मग मूत्रमार्गाने वीर्य बाहेर पडतं. या वीर्यात शुक्राणूंचा वाटा दोन ते पाच टक्केच असतो. बाकी सारं शुक्राशय आणि प्रोस्टेटचं द्रव. त्यामुळे वीर्याच्या प्रमाणावरून किंवा घट्टपणावरून शुक्राणूंचा अंदाज बांधता येत नाही. नसबंदीनंतरही वीर्य डोळ्यांना जवळपास तसंच दिसतं.

पुढच्या सगळ्या चर्चेच्या मुळाशी सर्टोली पेशींविषयीची एक गोष्ट आहे. एक सर्टोली पेशी ठरावीकच शुक्राणूंना सांभाळू शकते, आणि या पेशींची संख्या गर्भावस्थेत, बाळपणी आणि वयात येईपर्यंत ठरून जाते. त्यानंतर ती वाढत नाही. म्हणजे पंचविशीतल्या तरुणाची शुक्राणू बनवण्याची कमाल क्षमता बऱ्याच अंशी त्याच्या आईच्या गरोदरपणात आणि त्याच्या लहानपणी ठरलेली असते.

१९९२ : कोपनहेगनचा निबंध

वादाला तोंड फुटलं ते १९९२ मध्ये. कोपनहेगनमधल्या एलिझाबेथ कार्लसन, नील्स स्काकेबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. १९३८ ते १९९१ या काळातले ६१ अभ्यास त्यांनी एकत्र केले. त्यांत १४,९४७ पुरुषांची नोंद होती. सरासरी शुक्राणुसंख्या दर मिलिलिटरला ११.३ कोटींवरून ६.६ कोटींवर आल्याचं त्यांच्या हिशेबात दिसलं. वीर्याचं सरासरी प्रमाणही ३.४ मिलिलिटरवरून २.७५ वर आलं होतं.

स्काकेबेक या विषयात नवखे नव्हते. वृषणाच्या कर्करोगाची पूर्वावस्था असलेल्या पेशी त्यांनी १९७२ मध्ये वंध्यत्वाच्या रुग्णांमध्ये ओळखल्या होत्या. डेन्मार्कमध्ये हा कर्करोग वाढत होता, वृषण खाली न उतरलेली मुलं जन्मत होती, आणि आता शुक्राणुसंख्याही घटलेली दिसत होती. एडिनबर्गचे रिचर्ड शार्प यांच्यासोबत त्यांनी १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अशी कल्पना मांडली की या सगळ्यांचं मूळ एकच असावं. गर्भातल्या वृषणाच्या घडणीत, बहुधा इस्ट्रोजेनसारख्या रसायनांमुळे, बिघाड होत असावा. पुढे २००१ मध्ये स्काकेबेक आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेला वृषणाच्या सदोष घडणीतून उद्भवणाऱ्या एका लक्षणसमूहाचं रूप दिलं.

आक्षेप : कोणाला मोजलं, कसं मोजलं

निबंध प्रसिद्ध होताच आक्षेप येऊ लागले. पहिला संख्याशास्त्राचा. ६१ पैकी बहुतेक अभ्यास १९७० नंतरचे होते. त्याआधीच्या काळाचा आधार थोडाच, आणि तोही मुख्यत्वे अमेरिकेचा. न्यूयॉर्कमधल्या एक हजार पुरुषांवरचा १९५१ चा एकच अभ्यास सुरुवातीच्या आकड्याला मोठा टेकू देत होता. गेरी ओल्सेन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तीच आकडेवारी वेगवेगळ्या गणिती पद्धतींनी मांडून पाहिली. घट जी काही आहे ती १९७० च्या आधीच झाली आणि त्यानंतर संख्या स्थिर राहिली, असंही त्यातून निघू शकतं हे त्यांनी दाखवलं. एकाच आकडेवारीतून सरळ उतरती रेघ निघते आणि पायरीही निघते, एवढा विरळ तो पुरावा होता.

दुसरा आक्षेप प्रदेशाचा. फ्रान्समध्ये ऑजे आणि सहकाऱ्यांनी पॅरिसच्या एका वीर्यपेढीतल्या नोंदी तपासल्या. तिथे १९७३ ते १९९२ या वीस वर्षांत संख्या ८.९ कोटींवरून ६ कोटींवर आली होती. पण त्याच देशात तुलूजच्या नोंदींत घट दिसली नाही. अमेरिकेत हॅरी फिश यांनी १९९६ मध्ये नसबंदीपूर्वी वीर्य साठवून ठेवणाऱ्या पुरुषांच्या नोंदी पाहिल्या. त्यांतही घट नव्हती. न्यूयॉर्कचे आकडे मात्र कॅलिफोर्नियापेक्षा ठळकपणे जास्त होते. गावागावांत इतका फरक असेल, तर पन्नास वर्षांपूर्वीचं एक शहर आणि आजचं दुसरं शहर एकमेकांशेजारी ठेवून काळाचा परिणाम कसा वाचायचा?

तिसरा आक्षेप मला सर्वांत मूलभूत वाटतो. तो मोजण्याच्या रीतीबद्दल आहे. प्रयोगशाळेत नमुना आला की तो ३७ अंश तापमानात ठेवून पातळ होऊ देतात. त्याला साधारण अर्धा तास लागतो. मग तो नीट ढवळून, शुक्राणूंची हालचाल थांबवणाऱ्या द्रावणात ठरावीक पट पातळ करतात. त्यातला थेंब जाड काचेच्या न्यूबॉवर पट्टीवर सोडतात. काच आणि वरचं झाकण यांत एक दशांश मिलिमीटरची फट असते आणि खाली चौकटी कोरलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली चौकट-चौकट करत शुक्राणू मोजायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणे किमान दोनशे, आणि तेही दोन वेगळ्या थेंबांत. तंत्रज्ञाने दोनशेऐवजी वीसच मोजले तर नुसत्या योगायोगाने येणारी चूक सातवरून बावीस टक्क्यांवर जाते. नमुना ढवळला नाही, विंदुकेत पूर्ण ओढला नाही, वेगळ्या खोलीची पट्टी वापरली, की आकडा पुन्हा बदलतो. शिवाय तपासणीआधी किती दिवसांचा खंड होता यावरही तो अवलंबून असतो. दोन दिवसांचा आणि सात दिवसांचा खंड यांचे आकडे एकाच पुरुषात खूप वेगळे येतात. संघटनेचं या तपासणीचं पहिलं मार्गदर्शक पुस्तक १९८० मध्ये आलं. त्याआधी प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या रीतीने चालत होती.

दाते कोण असतात हाही प्रश्न आहेच. वंध्यत्वाच्या दवाखान्यात येणारे, नसबंदी करून घेणारे बाप, वीर्यपेढीचे निवडलेले दाते, सैन्यभरतीचे तरुण. हे सगळे वेगळे गट आहेत आणि यांतला एकही ‘सर्वसाधारण पुरुष’ नाही.

डेन्मार्क आणि फिनलंड

जुन्या आकड्यांचा वाद जुन्या आकड्यांनी सुटणार नाही, हे डॅनिश संशोधकांनाही उमजलं. १९९६ पासून त्यांनी सैन्यभरतीच्या सक्तीच्या वैद्यकीय तपासणीला येणाऱ्या तरुणांकडून नमुने घ्यायला सुरुवात केली. एकच प्रयोगशाळा, एकच पद्धत, दरवर्षी नवा गट. या विषयातलं हे सर्वांत शिस्तीचं काम म्हणता येईल. पंधरा वर्षांचे सुमारे पाच हजार नमुने जमल्यावर त्यांनी २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला, तो असा की संख्या घटत नव्हती. मध्यक ४.३ कोटींवरून ४.८ कोटींपर्यंत किंचित वर गेला होता.

पण तेवढ्यावर निःशंक व्हावं असंही नव्हतं. घट थांबली असेल, पण पातळी खालचीच होती. चारांतल्या जेमतेम एका तरुणाच्या वीर्याचे सर्व निकष चांगले म्हणावेत असे होते. शेजारच्या फिनलंडशी तुलना केली की चित्र अधिक स्पष्ट होई. २००४ मध्ये दोन्ही देशांतल्या नवजात मुलग्यांची एकाच पद्धतीने तपासणी झाली. जन्मतः वृषण खाली न उतरलेली मुलं डेन्मार्कमध्ये नऊ टक्के, तर फिनलंडमध्ये अडीच टक्क्यांहून थोडी कमी निघाली. वृषणाचा कर्करोगही डेन्मार्कमध्ये अधिक होता. हा फरक नुसत्या मोजमापातल्या गोंधळाने पडणार नाही. सैन्यभरतीच्या अभ्यासालाही मर्यादा आहेच. बोलावलेल्या तरुणांपैकी थोडेच नमुना द्यायला तयार होतात, आणि जे तयार होतात ते बाकीच्यांसारखेच आहेत की नाहीत हे ठरवणं कठीण.

दुसरी फेरी : २०१७ नंतर

जेरुसलेमचे हगाई लेव्हिन आणि न्यूयॉर्कच्या शॅना स्वॉन यांच्या गटाने २०१७ मध्ये हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. त्यांनी पूर्वीच्या चुका टाळण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला. वंध्यत्वाचे रुग्ण वगळले, न्यूबॉवर पट्टीने मोजलेलेच आकडे घेतले, वय आणि खंडाचे दिवस हिशेबात धरले. १९७३ ते २०११ मधले १८५ अभ्यास आणि ४२,९३५ पुरुष. युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या सर्वसाधारण गटातल्या पुरुषांत संख्या ५२ टक्क्यांनी घटल्याचं त्यांना आढळलं. आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेबद्दल तेव्हा ठाम काही म्हणता आलं नाही. २०२२ च्या सुधारित आढाव्यात या खंडांतली नवी आकडेवारी आली. १९७३ ते २०१८ या काळात सरासरी १०.१ कोटींवरून ४.९ कोटींवर आल्याचं आणि २००० नंतर घटीचा वेग वाढल्याचं त्यांनी लिहिलं.

२०१७ च्या निष्कर्षांवरची सर्वांत विचारी टीका हार्वर्डमधल्या मॅरियन बूलिको, सेरा रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये केली. त्यांचा मुद्दा असा, की १९७० च्या दशकातल्या पाश्चात्त्य पुरुषांचा आकडा ‘नैसर्गिक’ आणि बाकी सगळे त्यापासून ढळलेले, असं का मानायचं? शुक्राणुसंख्या माणसामाणसांत आणि प्रदेशाप्रदेशांत फार मोठ्या पल्ल्यात बदलते. त्यातला बराचसा बदल रोगाचं लक्षण नसून सहज भिन्नता असू शकते. जग ‘पाश्चात्त्य’ आणि ‘इतर’ अशा दोन खणांत टाकण्यालाही त्यांचा आक्षेप होता. अलीकडे क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी १९७० ते २०१८ मधले केवळ अमेरिकेतले अभ्यास एकत्र केले, तेव्हा वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची घट दिसली नाही. २०२४ मध्ये डेन्मार्कमधल्या ६,७५८ इच्छुक दात्यांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. २०१७ ते २०२२ या काळात त्यांची संख्या स्थिर होती, पण २०१९ नंतर शुक्राणूंची हालचाल मंदावलेली दिसली. आजवरचा वाद बव्हंशी आकड्यावरच झाला. हालचालीकडे कमी लक्ष गेलं, ते आता द्यावं लागेल.

घट असली तर तिने काय बिघडतं

हा प्रश्न वेगळा ठेवायला हवा. १९९८ मध्ये डॅनिश जोडप्यांवर झालेल्या एका अभ्यासात, दर मिलिलिटरला चार कोटींपर्यंत संख्या वाढत गेली तशी गर्भ राहण्याची शक्यताही वाढली. त्यापुढे संख्या वाढून शक्यता वाढली नाही. म्हणजे दहा कोटींवरून सहा कोटींवर येणाऱ्या माणसाच्या आयुष्यात फरक पडणार नाही. पण सरासरीच चार-पाच कोटींवर आली, तर या रेषेच्या खाली ढकलल्या जाणाऱ्यांची संख्या बरीच वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली खालची मर्यादा १.६ कोटींची आहे. वर्षभरात ज्यांच्या जोडीदाराला दिवस गेले अशा पुरुषांपैकी तळाच्या पाच टक्क्यांची ती रेषा आहे. तिच्याखाली मूल होतच नाही, असा तिचा अर्थ नाही. २००१ मधल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात मुलं झालेल्या आणि न झालेल्या पुरुषांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले आढळले की एका रेघेने त्यांची विभागणी होईना.

देशोदेशी जन्मदर घसरतो आहे, त्याचं खापरही शुक्राणूंवर फोडता येत नाही. उशिरा होणारी लग्नं, संततिनियमन, शिक्षण आणि खर्च यांनी त्याचा उलगडा बराचसा होतो.

कारणांचा शोध

एक उदाहरण निर्विवाद आहे. कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथे डीबीसीपी नावाचं सूत्रकृमिनाशक तयार होई. आपल्यातल्या कोणालाच मुलं होत नाहीत, हे १९७७ मध्ये तिथल्या कामगारांच्याच लक्षात आलं. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प किंवा शून्य निघाले. हे रसायन थेट जननपेशींवर घाला घालत होतं. दोन वर्षांत अमेरिकेने त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली. मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांवरचे मजूर मात्र त्याची झळ सोसत राहिले.

रोजच्या वापरातल्या प्लॅस्टिकमधली थॅलेट आणि बिस्फेनॉलसारखी रसायनं किती दोषी आहेत, हे इतकं स्पष्ट नाही. उंदरांत थॅलेटमुळे गर्भातल्या नर पिल्लाचं टेस्टोस्टेरॉन घटतं. गरोदर स्त्रियांच्या लघवीतलं थॅलेटचं प्रमाण आणि त्यांच्या बाळांच्या जननेंद्रियांची ठेवण यांत संबंध असल्याचं स्वॉन यांनी २००५ मध्ये दाखवलं. तो अभ्यास मोजक्या मुलांवरचा होता. पुढच्या अभ्यासांनी त्याला काही प्रमाणात दुजोरा दिला. पण त्या बाळांचं मोठेपणी काय होतं, हा मधला दुवा अजून पक्का व्हायचा आहे. गरोदरपणी आईने केलेलं धूम्रपान आणि मुलाची पुढे कमी निघणारी संख्या यांचा संबंध त्यापेक्षा बळकट आहे. मोठेपणातली कारणं तर डॉक्टर रोजच पाहतात. स्थूलपणा, तंबाखू, भट्टीजवळचं काम, वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, आणि व्यायामशाळांतून घेतलं जाणारं बाहेरचं टेस्टोस्टेरॉन. या शेवटच्या कारणाने पीयूषिकेचा हुकूमच बंद पडतो आणि शुक्राणूनिर्मिती थांबते. पुरुषत्व वाढावं म्हणून घेतलेल्या इंजेक्शनने मूल होणंच थांबतं, हे अनेक तरुणांना ठाऊकच नसतं.

आपल्याकडे

भारतातली आकडेवारी बहुतेक वंध्यत्वाच्या दवाखान्यांतली आहे. मणिपालच्या संशोधकांनी २००८ मध्ये ७,७७० पुरुषांच्या नोंदी मांडल्या. १९९३-९४ मध्ये ३.८ कोटींची असलेली सरासरी २००४-०५ मध्ये २.७ कोटींवर आली होती. कोलकात्याच्या २०१० च्या अभ्यासाने मुद्दाम संख्या ठीक असलेले पुरुष निवडले. त्यांच्यातही १९८० च्या दशकाच्या तुलनेत वीर्याचं प्रमाण आणि हालचाल घटलेली दिसली. पण या काळात दवाखान्यात येणाऱ्यांची जातकुळीच बदलली. पूर्वी नवरा तपासणीला येतच नसे. ज्याला फारच शंका तोच येई. रुग्ण बदलले की सरासरी बदलते, आणि तो बदल जैविक आहे की सामाजिक हे आकड्यावरून कळत नाही.

कीटकनाशकांचा प्रश्न आपल्याकडे अधिक तातडीचा आहे. केरळातल्या कासारगोडमधल्या पाद्रे गावात वर्षानुवर्षं काजूच्या बागांवर एंडोसल्फानची हवाई फवारणी झाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने २००३ मध्ये तिथल्या मुलग्यांची तपासणी प्रसिद्ध केली. ती मुलं वयात उशिरा येत होती आणि त्यांची संप्रेरकंही बदललेली होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. यवतमाळात २०१७ मध्ये फवारणी करताना शेतमजुरांचे प्राण गेले, तेव्हा तातडीच्या विषबाधेची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण पाठीवर पंप घेऊन हंगामभर कपाशीत फिरणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलांच्या प्रजननक्षमतेचा प्रश्नही तितकाच खरा आहे.

आपल्याकडे या विषयाला एक जुनी भीतीही चिकटलेली आहे. वीर्य गेलं म्हणजे शक्ती गेली, या समजुतीतून अशक्तपणा, उदासी आणि चिंता घेऊन येणारे तरुण मानसोपचारतज्ज्ञांना इतके भेटत की नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. मुंबईत र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून हेच सांगत होते की वीर्यनाशाच्या भीतीला शास्त्रीय आधार नाही. शुक्राणू अखंड तयार होतच असतात. ते बाहेर पडले नाहीत तर शरीर ते जिरवून टाकतं. ‘संख्या निम्म्यावर’ हा मथळा अशा मनांवर पडला की भीती नव्याने जागी होते, आणि भिंतीवरच्या जाहिरातीतली औषधं खपतात. दुसरीकडे, मूल होत नसेल तर आधी बाईच्या तपासण्या, औषधं, उपासतापास, आणि वर्ष-दोन वर्षांनी कधीतरी नवऱ्याचा नमुना, हा क्रम अजून पुष्कळ घरांत चालतो. वीर्यतपासणी स्वस्त आहे, तिला सुई लागत नाही, आणि वंध्यत्वाच्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा काही ना काही वाटा असतो. जगाची सरासरी घटते आहे की नाही हा वाद कसाही सुटो, ही तपासणी पहिल्याच भेटीत झाली पाहिजे.

काय सुटलेलं नाही

दोन्ही बाजू आज काही गोष्टी मान्य करतात. १९७० च्या आधीचा पुरावा कच्चा आहे. प्रदेशाप्रदेशांतला फरक खरा आहे. वृषणाचा कर्करोग अनेक देशांत वाढला, हेही खरं. मतभेद उरतो तो घट जागतिक आहे की ठिकठिकाणची, ती चालू आहे की काही दशकांपूर्वीच थांबली, आणि तिचं मूळ गर्भावस्थेत आहे की मोठेपणीच्या राहणीत, याबद्दल. माझा स्वतःचा कल असा, की काही प्रदेशांत घट झाली हे मानण्याइतका पुरावा आहे. तिला सगळ्या जगाचा नियम म्हणण्याइतका मात्र तो नाही.

हे ठरवायला डेन्मार्कसारखी सलग मोजणी अनेक देशांत लागेल, आणि भारतात ती दवाखान्याबाहेरच्या तरुणांची असावी लागेल. नुसती संख्या मोजून भागणार नाही. हालचाल, संप्रेरकं, आणि जोडप्याला दिवस जायला किती महिने लागले याचीही नोंद हवी. गर्भावस्थेबद्दलची शंका तपासायची तर गरोदर बाईच्या रक्ता-लघवीचे नमुने आज जपून ठेवावे लागतील आणि तिच्या मुलाला वीस वर्षांनी पुन्हा बोलवावं लागेल. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये १९८९ ते १९९१ या काळात गरोदर असलेल्या स्त्रियांच्या मुलांबाबत असं काम झालेलं आहे, म्हणजे ते अशक्य नाही. परळची राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था १९७० पासून याच क्षेत्रात आहे. असा प्रकल्प महाराष्ट्रात सुरू झाला, तर त्याचं पहिलं उत्तर मिळायला २०४५ उजाडेल.